गाडी धुतल्यानंतर राहणारे पाण्याचे डाग : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सन्माननीय ग्राहक,

गाडी धुऊन तासाभराने पाहिले तर बॉनेटवर आणि काचांवर पांढुरकी गोल कडी उमटलेली दिसतात, ही तक्रार आमच्याकडे वर्षभर येते आणि मार्च ते मे या महिन्यांत सर्वाधिक येते. ही कडी म्हणजे निघायचा राहिलेला मळ नव्हे आणि तो शॅम्पूचा दोषही नव्हे. पाणी उडून जाते, पण त्यात विरघळलेले क्षार जागेवरच राहतात. लिटरमागे 500 मिलिग्रॅम क्षार असलेले पाणी वापरले आणि धुतल्यावर गाडीच्या अंगावर लिटरभर पाणी राहिले असे धरले, तर ते वाळल्यावर अर्धा ग्रॅम पांढरी पूड गाडीभर पसरलेली असते. म्हणून धुण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, लक्ष पुसण्याकडे द्यावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

आपले पाणी कसे आहे?

कोकणात एकाच वाडीतील दोन विहिरींचे पाणी सारखे नसते. जांभ्यातील विहिरीचे पाणी बहुधा हलके असते, मात्र त्यात लोह असल्यास पांढऱ्या गाडीवर तांबूस झाक येते. खोल बोअरवेलचे पाणी पुष्कळदा जड निघते. किनाऱ्यालगतच्या विहिरींचा उन्हाळ्यात उपसा वाढला की समुद्राचे पाणी आत सरकते आणि पाणी मचूळ होते. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि ज्याची बंबाच्या आत पांढरी खपली धरते, त्या पाण्याचे डाग गाडीवर पडणारच. खात्री करायची असल्यास स्टीलच्या ताटलीच्या पाठीवर चमचाभर पाणी उन्हात वाळू द्यावे. मागे जे कडे उरेल तेच आपल्या बॉनेटवर उरते. भारतीय मानक ब्युरोच्या मानकानुसार पिण्याच्या पाण्याचे काठिण्य, म्हणजे जडपणा, लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसल्यास 600 पर्यंत चालते. त्यामुळे पाणी पिण्याजोगे आहे म्हणून डाग पडणार नाहीत, असे समजू नये.

डाग पडू नयेत म्हणून

गाडी सकाळी ऊन चढण्यापूर्वी किंवा सायंकाळी सावलीत धुवावी. प्रवासाहून आल्याबरोबर तापलेल्या बॉनेटवर पाणी ओतू नये, कारण तेथे पाणी पुसायला हात पोहोचण्याआधीच वाळते. एका वेळी एकच भाग धुऊन लगेच स्वच्छ पाण्याने विसळावा आणि शेवटचा भाग धुऊन होईपर्यंत आधीचे भाग ओले ठेवावेत. अखेरच्या विसळणीला पाइपचे तोंड काढून टाकून पाणी टपावरून संथ धारेने सोडावे; फवाऱ्याने थेंब मागे राहतात, तर संथ धार आपल्यासोबत बरेचसे पाणी ओघळून नेते. पाणी जड असल्यास ही शेवटची विसळणी पावसाळ्यात पागोळीखाली धरून ठेवलेल्या किंवा एसीच्या नळीतून साठवलेल्या पाण्याने, ते फडक्यातून गाळून, करता येते. या दोन्ही पाण्यांत क्षार अगदी थोडे असतात आणि एक-दोन बादल्या पुरतात.

त्यानंतर दोन मायक्रोफायबर कापड घ्यावीत. पहिले टपावर पसरून दोन कोपरे धरून अलगद ओढावे, घासू नये. दुसऱ्या कोरड्या कापडाने राहिलेला ओलावा टिपावा. टप, काचा, बॉनेट आणि मग दरवाजे, असा क्रम ठेवावा. बाजूचे आरसे, दरवाज्यांच्या मुठी, नंबरप्लेट आणि पेट्रोलच्या झाकणामागे पाणी दडून बसते आणि गाडी पुसून झाल्यावर तेथून ओघळ येतो. यासाठी दरवाजे एकदा उघडझाप करून दहा मिनिटांनी या जागा पुन्हा टिपाव्यात. आमच्या अनुभवात घरी धुतलेल्या गाडीवरचे निम्मे डाग या ओघळांचेच असतात.

डाग पडल्यावर

प्रथम साध्या पाण्याने भिजवलेले कापड डागावर ठेवावे. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीने आलेल्या, अथवा खाऱ्या वाऱ्यावर उभ्या राहिलेल्या गाडीवरचे मीठ पाण्यातच विरघळते. तेथे औषधाची गरज नाही. जड पाण्याचा चुना मात्र पाण्याने हलत नाही. त्यासाठी पांढरे व्हिनेगर आणि स्वच्छ पाणी समप्रमाणात मिसळून, सावलीत, गाडी थंड असताना, कापड त्यात भिजवून डागावर मिनिटभर ठेवावे, हलक्या हाताने पुसावे आणि भरपूर पाण्याने लगेच धुऊन कोरडे करावे. आधी एखाद्या लपलेल्या कोपऱ्यावर करून पाहावे. मॅट रंगाच्या गाडीवर हा उपाय करू नये. व्हिनेगरने मेणाचा थरही कमी होतो, म्हणून नंतर त्या भागावर मेण पुन्हा लावावे.

बाथरूमचे ॲसिड, काथ्या, भांड्यांची घासणी किंवा लिंबाची फोड गाडीवर चालवू नये. ॲसिडने क्रोम आणि अलॉय चाके कायमची खराब होतात. काथ्या आणि घासणीने ओरखडे उठतात.

व्हिनेगरनंतरही कडे दिसत असेल आणि बोटाला तेथे किंचित खळगा जाणवत असेल, तर डाग वर बसलेला नसून रंगावरच्या पारदर्शक थरात उतरलेला आहे. हा थर बहुतेक गाड्यांवर साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ असतो आणि प्रत्येक पॉलिशिंगमध्ये तो थोडा झिजतो. मागील उन्हाळ्यात आलेली एक काळी गाडी पंधरा दिवस गच्चीवरच्या टाकीच्या गळतीखाली उभी होती. दोन वेळा पॉलिश करूनही बॉनेटवर फिकट कडी राहिली आणि आम्ही तेथेच थांबलो, कारण तिसऱ्यांदा थर झिजवणे गाडीच्या हिताचे नव्हते. अशा डागांवर सरसकट पॉलिशिंग सुचवणे आम्हाला योग्य वाटत नाही. आम्ही आधी तळहाताएवढ्या जागेवर करून दाखवतो आणि आपली संमती मिळाल्यावरच पुढे जातो.

तपासणीसाठी गाडी दिवसा उजेडी आणावी आणि येताना ती धुऊन आणू नये. डाग मुळात जसे पडले आहेत तसे दिसले, तर ते मिठाचे की चुन्याचे, हे आम्हाला समोरच सांगता येते.