माशी व खाच : बंदुकीच्या साइटमधील नेमदोष आणि दुरुस्ती

माशी व खाच : रायफलच्या तोंडाजवळचा बारीक उंचवटा म्हणजे माशी आणि नेमबाजाच्या डोळ्याकडील फट म्हणजे खाच. खाचेच्या जागी बारीक भोक असेल तर त्याला पीप म्हणतात. माशी व खाच मिळून बंदुकीची साइट होते. या दोहोंतून जाणारी दृष्टिरेषा आणि गोळीचा मार्ग ठरलेल्या अंतरावर एकमेकांना मिळाले नाहीत, की गोळी नेमाच्या एका बाजूला जाते. या दोषाची कारणे, त्यांची पारख आणि दुरुस्ती यांची माहिती येथे दिली आहे. दुर्बीण बसवलेल्या रायफलींचा विचार केलेला नाही.

नावे : ‘माशी’ हा शब्द मराठीत कसा रुजला, याबद्दल दोन तर्क संभवतात. नळीच्या टोकावर बसलेल्या काळ्या ठिपक्यासारखी ती दिसते, म्हणून ते नाव इथेच सहज पडले, हा पहिला. दुसरा असा, की फार्सीत याच भागाला ‘मगसक’, म्हणजे छोटी माशी, म्हणतात; तोडेदार (जळत्या वातीने डागायच्या) बंदुका व त्यांचे कारागीर मोगल आणि दख्खनी फौजांतून मराठी मुलखात आले, त्यांच्याबरोबर ते नाव भाषांतरित होऊन आले असावे. रशियनमध्येही ‘मूश्का’ म्हणजे छोटी माशीच, आणि हिंदीत ‘मक्खी’. जर्मनांनी मात्र या भागाला ‘कोर्न’ म्हणजे दाणा म्हटले, तर तुर्कांनी ‘अरपाजिक’ म्हणजे छोटा जव. इंग्रजी बनावटीच्या जुन्या रायफलींवरील उलट्या व्ही आकाराच्या माशीलाही जवाच्या दाण्याचेच नाव होते. आकारावरून नाव सुचायचे तर दाणा आणि माशी दोन्ही सुचू शकतात. तरीही तुर्कीचा अपवाद सोडता फार्सीशी शेजार असलेल्या भाषांत माशीच आढळते, त्यामुळे दुसरा तर्क अधिक पटतो. ‘शिस्त’ या शब्दाचा प्रवासही याला जुळणारा आहे. फार्सी ‘शस्त’चे अर्थ अंगठा, धनुर्धराची अंगठी आणि नेम. मराठीत ‘शिस्त धरणे’ म्हणजे नेम धरणे. वर्तनातील शिस्त हा आजचा अर्थ कवायतीच्या वाटेने आला असावा. एनसीसीच्या हिंदी शब्दावलीत ‘शिस्त लेना’ हा जुना अर्थ अजून जिवंत आहे. पुण्यातील रेंजवर मात्र आता फ्रंट साइट, बॅक साइट, पीप, क्लिक (साइटचे चक्र फिरवताना पडणारा एकेक टप्पा) आणि झिरो करणे (ठरलेल्या अंतरावर गोळी नेमावर आणणे) हेच शब्द चालतात.

पुण्यातील वापर : खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा असल्याने शहराचा बंदुकीशी संबंध जुना आहे. क्रीडा नेमबाजीचे मुख्य ठिकाण म्हणजे बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल; तेथे १०, २५ व ५० मीटरच्या रेंज आहेत. नवशिके साधारणतः ०.१७७ बोअरच्या, खाचेच्या साइटच्या एअर रायफलवर सुरुवात करतात आणि पुढे पीपकडे वळतात. देशांतर्गत स्पर्धांत ओपन साइटचा, म्हणजे खाचेच्या साइटचा, वेगळा प्रकारही असतो.

दोषाची पारख : साइटला हात लावण्याआधी गोळ्यांचा गट पाहावा. रायफल रिकामी असल्याची खात्री करून मग ती वाळूच्या पिशवीवर टेकवावी, एकाच डब्यातील पेलेट (एअर रायफलच्या गोळ्या) घेऊन एकाच नेमबिंदूवर पाच-पाच गोळ्यांचे दोन गट मारावेत. दोन्ही गट घट्ट आणि एकाच जागी सरकलेले असतील, तर दोष साइटच्या मांडणीचा. गट घट्ट पण दोन्ही वेगवेगळ्या जागी पडले, तर कोठेतरी स्क्रू ढिला आहे. गटच पसरलेला असेल, तर साइट फिरवण्यात काही अर्थ नाही; पेलेट, नळीची स्वच्छता, दस्त्याचे स्क्रू किंवा ट्रिगर ओढण्याची पद्धत तपासावी. एका गोळीवरून साइट फिरवणे ही नवशिक्यांची सर्वांत महागडी सवय आहे, कारण त्यामुळे मूळ दोष कोणता होता हेच पुसले जाते.

ढिलेपणा शोधायची सोपी युक्ती : साइट आणि तिची बैठक यांवरून पेन्सिलीची एकच बारीक रेघ ओढावी. वीस गोळ्यांनंतर रेघ तुटली, तर साइट सरकते आहे. स्प्रिंगच्या एअर रायफलीत धक्का मागे-पुढे असा दोन्हीकडे बसतो, म्हणून तिचे स्क्रू लवकर सुटतात. ते काढून स्पिरिटने तेल पुसावे, मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकचा (स्क्रू सुटू न देणाऱ्या चिकट द्रावाचा) एक थेंब लावून पुन्हा कसावेत. पुण्याच्या पावसाळ्यात बैठकीखाली ओल राहून गंज धरतो आणि मागची साइट किंचित उचलली जाते. जुलै-ऑगस्टमध्ये गोळ्या अचानक उंच जाऊ लागल्या तर आधी बैठकीखाली पाहावे.

दुरुस्तीचा नियम : खाच ज्या दिशेला सरकवावी त्याच दिशेला गोळी सरकते, माशी सरकवली तर गोळी उलट दिशेला. गोळी डावीकडे लागत असेल तर खाच उजवीकडे न्यावी, किंवा माशी डावीकडे. गोळी खाली लागत असेल तर खाच उंच करावी, किंवा माशी ठेंगणी. किती सरकवायचे ते असे काढतात : निशाणावरील चूक गुणिले माशी ते खाच हे अंतर, भागिले निशाणाचे अंतर, सर्व मापे मिलिमीटरमध्ये. साइटमधील अंतर ४५० मिमी आणि १० मीटरवर चूक २० मिमी असेल, तर दुरुस्ती ०.९ मिमी. खाच थेट ३ मिमी व्यासाच्या स्क्रूवर चढत असेल, तर त्याचा आटा सहसा ०.५ मिमीचा असतो. म्हणजे दोन फेऱ्यांना थोडे कमी.

डव्हटेलमध्ये (तळाशी रुंद, वर अरुंद अशा खोबणीत) बसवलेली माशी सरकवताना नळी मऊ जबड्यांच्या शिकंज्यात धरावी आणि पितळी पंचवर हलके ठोके द्यावेत. लोखंडी पंच कडा चेपतो. डव्हटेल सैल झाली असेल तर खालच्या पृष्ठावर सेंटर पंचचे दोन-तीन बारीक ठिपके उमटवावेत, किंवा पातळ पितळी पट्टी घालावी. खाच सर्वांत वर नेऊनही गोळ्या खालीच लागत असतील, तर माशी उंच आहे. ती कानशीने एका वेळी ०.१ मिमीपेक्षा अधिक घासू नये. वरच्या उदाहरणात तेवढ्याने १० मीटरवर २.२ मिमी फरक पडतो, आणि घासलेले परत येत नाही. माथा काटकोनात सपाट राहिला पाहिजे, तिरपा झाला तर उजेडाप्रमाणे नेम बदलतो. ब्रिटिश फौजेच्या जुन्या ली-एनफिल्ड घराण्याच्या रायफलींत घासण्याऐवजी वेगवेगळ्या उंचीच्या माश्या बदलत; त्यांची पायरी ०.०१५ इंचांची होती. आखूड एनफिल्डवर साइटमधील अंतर सुमारे साडेएकोणीस इंच, म्हणून एका पायरीने २५ मीटरवर साधारण १९ मिमी फरक पडे. त्याच रायफलीत माशीच्या दोन्ही बाजूंना संरक्षक कान असतात. घाईत कानालाच माशी समजून नेम धरला जातो आणि गोळी कित्येक इंच बाजूला जाते. अशा वेळी साइट निर्दोष असते.

तिरपी माशी व वाकडी नळी : गट मध्यावर आणायला खाच एका टोकाला न्यावी लागत असेल, तर तेथे थांबावे. कारण बहुधा पुढे असते. दहा मीटरवर ओळंबा सोडावा, रायफल शिकंज्यात आडवी सपाट बसवावी आणि माशीची उभी कड दोरीशी जुळते का ते पाहावे. माशीचे टोक डावीकडे कलले असेल तर गोळी उजवीकडे जाते. माशी सरळ असूनही नेमबाज रायफलच उजवीकडे कलती धरत असेल, तर गोळी उजवीकडे व थोडी खाली जाते; हा साइटचा नव्हे, धरण्याचा दोष.

नळी मोडून भरायच्या एअर रायफलीत नळी उघडी असताना ट्रिगर ओढला गेला, तर ती जोराने मिटते आणि बिजागरीच्या पुढे वर वाकते. गोळ्या उंच जाऊ लागतात. माशी व खाच दोन्ही नळीवर असतील तर दृष्टिरेषाही नळीबरोबर वर उचलली जाते, त्यामुळे दोष बराचसा झाकला जातो. पीप मागच्या भागावर असेल तर तोच वाक निशाणावर ठळक दिसतो. बिजागरीची कुलूप-खुंटी झिजून नळी किंचित खाली लोंबते तेव्हाही हेच, फक्त गोळ्या खाली. पोलादी पट्टी नळीवर उभी धरून मधली फट पाहिली की वाक कळतो. नळी सरळ करणे हे शिकल्या हाताचेच काम आहे. बारुदी शस्त्राच्या दुरुस्तीला शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवाना लागतो, म्हणून असे काम परवानाधारक बंदूक-दुरुस्तकाकडेच द्यावे.

पीप साइट : येथील घोटाळा बहुतेकदा बाणांचा असतो. जर्मन बनावटीच्या साइटवर चक्रावरील ‘एच’ (होख, म्हणजे वर) व ‘आर’ (रेख्ट्स, म्हणजे उजवीकडे) सहसा गोळी वर किंवा उजवीकडे लागली असता कोणीकडे फिरवायचे ते दाखवतात. इतर काही साइटवर तोच बाण गोळी कोठे जाईल ते सांगतो. पाच क्लिक फिरवून गट पाहिला की शंका फिटते. जुन्या चक्रांत आट्यांचा सैलपणा असतो. म्हणून नेहमी एकाच दिशेने पोहोचावे, पुढे गेल्यास दोन क्लिक अधिक मागे येऊन परत यावे. पीपबरोबर माशीच्या जागी असलेल्या पुढच्या नळकांड्यातील रिंग फार लहान घेतली तर १० मीटरच्या निशाणाचा ३०.५ मिमीचा काळा भाग तिच्या कडेला चिकटतो, डोळा थकतो आणि गट पसरतो. तो साइट सरकल्यासारखा वाटतो, पण सरकलेली नसते.

उजेड : घासून चकाकणाऱ्या माशीची उजळलेली बाजू डोळ्याला वेगळ्या जागी दिसते. जुना उपाय कापराची काजळी : सुटी काढलेली लोखंडी माशी जळत्या कापरावर क्षणभर धरली की मखमली काळी होते. प्लास्टिकच्या साइटवर हे करू नये. बालेवाडीतील १० मीटरच्या बंदिस्त रेंजवर हा त्रास कमी. ५० मीटरच्या उघड्या रेंजवर सकाळी झिरो केलेली रायफल दुपारी हलक्या वाऱ्याने व बदललेल्या उजेडाने सरकलेली भासते. तेथे क्लिक मोजून वहीत लिहून ठेवावेत, म्हणजे सकाळच्या जागेवर परत येता येते.