सिसिनमधल्या ओळींमागचा कार्डांचा गठ्ठा

मेनफ्रेमवरच्या (मोठ्या कंपन्यांच्या मुख्य संगणकावरच्या) बॅच प्रोग्रॅमला, म्हणजे मध्ये कुणाला काही न विचारता चालणाऱ्या प्रोग्रॅमला, पाच-सहा ओळींचा मजकूर द्यायचा कसा, हा प्रश्न सीप्झ, पवई किंवा ऐरोलीत नव्याने कामाला लागलेल्या मुलामुलींना लवकरच पडतो. उत्तरही लगेच मिळतं: जेसीएलमध्ये (कुठला प्रोग्रॅम कुठल्या डेटासह चालवायचा हे यंत्राला सांगणाऱ्या भाषेत) ‘सिसिन डीडी स्टार’ (//SYSIN DD *), म्हणजे ‘सिसिन नावाचा डेटा इथेच खाली आहे’, असं लिही, त्याखाली ओळी टाक, शेवटी /* दे. पण हे असंच का, ते सहसा कुणी सांगत नाही. सांगायला हवं, कारण ते कळलं की निम्म्या चुका आपोआप टळतात.

आयबीएमने १९२८ साली ऐंशी रकान्यांचं पंचकार्ड आणलं. एप्रिल १९६४ मध्ये तिची सिस्टीम/३६० ही मेनफ्रेमची मालिका जाहीर झाली, तेव्हाही प्रोग्रॅम आणि डेटा मुख्यतः कार्डांवरूनच आत जात होता. त्याच वर्षी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा संगणक बसवला गेला. कंपनी वेगळी, पण कामाची रीत हीच: कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि छापील निकालाची वाट पाहायची.

आयबीएमच्या गठ्ठ्यात वर कामाचं नाव देणारं जॉब कार्ड, मग कुठला प्रोग्रॅम चालवायचा ते सांगणारं एक्झेक, मग डीडी स्टार, त्यामागे डेटाची कार्डं आणि शेवटी पहिल्या दोन रकान्यांत /* असलेलं कार्ड. म्हणजे आज आपण जिला ओळ म्हणतो, ती मुळात एक कार्ड. डेटाची एखादी ओळ // ने सुरू झाली तर यंत्राला ते पुढचं जेसीएल वाटतं आणि डेटा तिथेच संपतो. त्यावर तोड म्हणून ‘डीडी डेटा’ आला; त्यात // ची ओळही डेटाच धरली जाते. डेटातच /* असेल तर डीडीच्या ओळीत डीएलएम (DLM) देऊन शेवटाची खूण आपली आपण ठरवायची.

७३ ते ८० हे रकाने अनुक्रमांकासाठी ठेवत. गठ्ठा हातातून सुटला तरी कार्डं पुन्हा ओळीने लावता यावीत, एवढाच हेतू. आयएसपीएफ या मेनफ्रेमवरच्या एडिटरमध्ये नंबरिंग चालू राहिलं तर ते आकडे आजही डेटाच्या शेपटाला चिकटतात आणि प्रोग्रॅम ते इमानेइतबारे वाचतो. आउटपुटमध्ये अनोळखी आकडे दिसले की आधी हे तपासावं.

प्रोग्रॅमला मजकूर देण्याचा दुसरा रस्ता पार्मचा, म्हणजे एक्झेकच्या ओळीतच तो लिहिण्याचा, पण त्याची मर्यादा १०० अक्षरं. प्रोकमध्ये (पुन्हा पुन्हा वापरायच्या तयार जेसीएलमध्ये) तर डेटा लिहिताच येत नसे, कारण जॉब वाचतानाच त्यातला डेटा वेगळा काढून स्पूलवर (डिस्कवरच्या तात्पुरत्या साठ्यात) जातो आणि प्रोक उलगडतं त्यानंतर. ही अडचण २०११ मध्ये मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टीम झेड/ओएस हिच्या १.१३ आवृत्तीने दूर केली. २०१३ च्या २.१ मध्ये पार्मडीडी आलं आणि पार्मचा मजकूर वेगळ्या डीडीमधून ३२,७६० बाइटपर्यंत देता येऊ लागला. सिसिनच्या ओळींत सिम्बॉलच्या (जेसीएलमधल्या बदलत्या नावांच्या) जागी त्यांची किंमत घालून घेण्याची सोयही तेव्हाचीच. आम्हा जेसीएलवाल्यांना ती फार आधी मिळायला हवी होती.

कोबोल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं अॅक्सेप्ट, म्हणजे सिसिनमधून ओळ वाचून घेणारी आज्ञा, मात्र कार्डाच्या हिशोबानेच चालतं. त्याला ‘अॅट एंड’ (डेटा संपल्यावर काय करायचं ते सांगणारा भाग) नाही, त्यामुळे ओळी संपल्या हे त्याच्याकडून सरळ कळत नाही. ओळी किती येणार हे ठरलेलं नसेल तर सिसिनला कोबोलच्या सिलेक्ट या फाइल जाहीर करण्याच्या वाक्यात फाइल म्हणून घ्यावं आणि रीड या आज्ञेने वाचावं.