पत्रा तात्पुरता धरायचा कशाने? किट कारमधल्या क्लेकोची पार्श्वभूमी

किट कारच्या (सुटे भाग घेऊन घरी जोडायच्या गाडीच्या) चॅसिसवर ॲल्युमिनियमचा पत्रा बसवताना रिव्हेट मारणं हे सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात कमी वेळ खाणारं काम. त्याआधी तोच पत्रा चार-पाच वेळा चढवावा-उतरवावा लागतो. एकदा माप बघायला, एकदा भोकं पाडायला, मग बर (भोकाच्या कडेला उरलेली धार) काढायला, रंगासाठी आणि शेवटी सीलंट लावून. दर खेपेला तो होता तिथेच बसला पाहिजे. यासाठी मिळणारी बहुतेक तात्पुरती साधनं, क्लेको ही भोकातून पत्रे धरणारी पिनही, कारसाठी बनलेलीच नव्हती. ती दुसऱ्या धंद्यातून आली आणि येताना त्या धंद्याच्या सवयी घेऊन आली. कोणतं साधन कुठे चालतं आणि कुठे दगा देतं, हे त्या मूळ कामाकडे पाहिलं की लवकर उमगतं.

सुरुवात विमानांपासून. आल्फ्रेड विल्म यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ड्युरालुमिन हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू शोधला आणि पुढच्या पंचवीस वर्षांत लाकूड-कापडाची विमानं मागे पडत गेली. १९३३चं बोइंग २४७ आणि १९३५चं डीसी-३ येईपर्यंत विमानाचा पत्रा हे नुसतं आवरण राहिलं नव्हतं, तो सांगाड्याबरोबर भार उचलू लागला होता. असा पत्रा शेकडो रिव्हेटांमधून भार पुढे सरकवतो. एखादं भोक अर्धा मिलिमीटर सरकलं तर त्याच्या वाट्याचा भार शेजारच्या रिव्हेटांवर जातो. त्यामुळे रिव्हेट मारेपर्यंत भोकावर भोक धरून ठेवणं ही कारखान्याची रोजची गरज झाली. आधी हे काम नट-बोल्ट आणि पत्र्याचे स्क्रू करत, पण प्रत्येक नटासाठी मागे एक माणूस उभा करावा लागे.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड न्यूमॅटिक टूल कंपनीने यावर जे साधन काढलं ते म्हणजे क्लेको. ब्रिटनमध्ये त्यालाच स्किन पिन म्हणतात. दिसायला बोटाच्या दोन पेरांएवढी नळी. आत स्प्रिंग, पुढे दोन बारीक पोलादी पाती, पात्यांच्या टोकाला बाहेर वळलेले आकडे आणि दोन्ही पात्यांच्या मध्ये एक चपटी पट्टी. खास पक्कडीने मागचा दट्ट्या दाबला की पाती पट्टीच्या पुढे निघून एकमेकांना भिडतात आणि भोकातून आरपार जातात. पक्कड सोडली की स्प्रिंग त्यांना मागे ओढते, पट्टी मध्ये घुसते, आकडे फाकून मागच्या पत्र्याला धरतात. सगळं एकाच बाजूने, एका हाताने, दोन सेकंदांत. फाकलेली पाती भोक भरून काढतात, म्हणून दोन्ही भोकं आपोआप एका रेषेत येतात. क्लेकोचं खरं काम हेच आहे. पत्रे आवळणं हे त्याचं दुय्यम काम, आणि किट कारवाल्यांची निम्मी निराशा या दोन कामांत गल्लत झाल्याने होते.

मापाप्रमाणे रंगही विमान कारखान्यांतूनच आले: ३/३२ इंचाला चंदेरी, १/८ला तांब्याचा, ५/३२ला काळा, ३/१६ला पितळी. बहुतेक उत्पादक हेच रंग पाळतात, पण सगळेच नाही, त्यामुळे नवीन डबा उघडल्यावर एकदा मोजून घेतलेलं बरं.

याच काळात दुसरीकडे पॉप रिव्हेट घडत होता. एकाच बाजूने बसवता येणाऱ्या पोकळ रिव्हेटचं पेटंट हॅमिल्टन नील वायली यांनी १९१६ साली ब्रिटनमध्ये मागितलं आणि पुढे बर्मिंगहॅमच्या जॉर्ज टकर आयलेट कंपनीने त्याचं उत्पादन केलं. पोलादी चौकोनी नळीच्या आत हात जात नाही, साध्या रिव्हेटला लागतो तसा मागे ठोकळा धरता येत नाही. म्हणजे पॉप रिव्हेट नसता तर नळीच्या सांगाड्यावर पत्रा रिव्हेटने बसवण्याचा विचार घरच्या गॅरेजमध्ये कुणी केलाच नसता.

किट कारला धंदा म्हणून उभं केलं ते ब्रिटनच्या परचेस टॅक्सने. तयार गाडीवर हा कर लागे, सुट्या भागांवर नाही. लोटस या ब्रिटिश कंपनीची मार्क सिक्स १९५२च्या सुमारास आणि सेव्हन १९५७ साली याच हिशेबाने किटच्या रूपात विकली गेली. जोडणीच्या सूचना सोबत देता येत नव्हत्या, म्हणून सुटं करण्याच्या सूचना देऊन त्या उलट वाचायला सांगत, अशी गोष्ट आजही सांगितली जाते. १९७३ साली व्हॅट आला आणि ती सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले आणि नळीचा सांगाडा व त्यावर रिव्हेट केलेले ॲल्युमिनियमचे पत्रे ही रचना चालू राहिली. १९९०च्या दशकातल्या लोकॉस्ट पद्धतीच्या (स्वस्तात घरी बांधायच्या) गाड्यांनी तीच रचना २५ मिमी चौकोनी, १.६ मिमी जाडीच्या नळीवर आणून प्रत्येकाच्या आवाक्यात ठेवली.

सुरुवातीच्या गॅरेजांत क्लेको क्वचितच दिसत. तिथे राज्य होतं जी-क्लॅम्पचं (इंग्रजी G आकाराच्या शिकंज्याचं) आणि सेल्फ-टॅपिंग, म्हणजे स्वतःच आटे पाडत जाणाऱ्या, स्क्रूचं. शर्यतीच्या कार्यशाळांत विमानी पद्धत आधी पोचली. १९६२च्या लोटस २५ या शर्यतीच्या गाडीचा सांगाडाच रिव्हेट केलेल्या पत्र्यांचा होता. घरी विमान बांधणाऱ्यांची अमेरिकी संघटना ईएए १९५३ साली स्थापन झाली, १९७३पासून व्हॅन्स एअरक्राफ्टने पत्र्याच्या विमानांचे किट विकायला सुरुवात केली आणि पुढे या हौशी मंडळींसाठी क्लेको नगावर विकणारी दुकानं तयार झाली. आज कारवाले घेतात ते त्याच दुकानांतून.

आता अडचण अशी की विमानाचा पत्रा आणि कारचा पत्रा सारखे वागत नाहीत. विमानात पातळ पत्रा पातळ, आधीच आकार दिलेल्या पट्टीवर बसतो. कारमध्ये १ ते १.२ मिमीचा पत्रा वेल्ड केलेल्या नळीवर बसतो आणि वेल्डच्या उष्णतेने ती नळी थोडी तरी वाकलेली असतेच. हाताने वाकवलेली कडही अंश-दोन अंश परत उघडते. तिथे स्प्रिंगचा क्लेको लावला तर तो जागेवर बसतो, पण फट तशीच राहते, कारण स्प्रिंगचं बळ ठरलेलं आहे. अशा ठिकाणी विंगनटचा (हाताने फिरवायच्या, पंख असलेल्या नटाचा) क्लेको हवा. त्यात स्प्रिंगऐवजी आटे असतात, नट फिरवत जाल तसा पत्रा ओढला जातो. तो लावायला वेळ लागतो, म्हणून सगळीकडे तोच वापरण्यात अर्थ नाही. ट्रान्समिशन टनेलच्या (गिअरबॉक्सवरच्या बोगद्याच्या) वळणावर आणि फूटबॉक्सच्या (पाय ठेवायच्या खोक्याच्या) कोपऱ्यांत आठ-दहा पुरतात, बाकीकडे स्प्रिंगचे. फायबरग्लासवर मात्र दोन्ही जपून वापरावे. आकड्यांची टोकं लहान असतात आणि मागचा थर चुरडू शकतात.

सेल्फ-टॅपिंग स्क्रूला नाकं मुरडण्याची पद्धत आहे, पण ती पूर्ण रास्त नाही. प्रश्न फक्त व्यासाचा आहे. ६ नंबरच्या स्क्रूचा बाहेरचा व्यास ३.५ मिमी, म्हणजे ३.२ मिमीच्या रिव्हेटचं भोक तो कायमचं खराब करतो. तेच भोक पुढे ४.८च्या रिव्हेटसाठी मोठं करायचं असेल तर ६ नंबरचे आणि ८ नंबरचेही (४.२ मिमी) आटे ड्रिलमध्ये निघून जातात आणि स्क्रूचं ओढबळ फुकटात मिळतं. फक्त फार आवळला की पत्र्यावर खळगा पडतो, आणि तो दिसणाऱ्या बाजूला असला तर जात नाही.

मास्किंग टेप हे मुळात मोटारींच्या रंगकामासाठीच १९२५ साली थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी काढलेलं. पहिल्या मापाला आणि पावडर कोटिंगवर ओरखडे टाळायला उत्तम, भोक पाडताना धरायला अपुरं. चुंबक ॲल्युमिनियमला चिकटत नाही, पण मिलिमीटरभर पत्र्याआडच्या पोलादी नळीला चिकटतो, म्हणून पहिले दोन क्लेको लागेपर्यंत तो तिसरा हात होतो. लोखंडी कीस मात्र त्याच्याभोवती गोळा होऊन रंगाला चरे पाडतो.

भोकांचं गणित सोपं आहे पण चुकतं इथेच. १/८ इंचाच्या, म्हणजे एका सुताच्या किंवा ३.२ मिमीच्या रिव्हेटला ३० नंबरचं ड्रिल (३.२६ मिमी), ३/१६ला, म्हणजे ४.८ मिमीला, ११ नंबरचं (४.८५ मिमी). नंबरी ड्रिल नसेल तर ३.३ आणि ४.९ मिमी. ४.८चे रिव्हेट मारायचे असले तरी आधी सगळी भोकं ३.३ने पाडून, १/८च्या क्लेकोंनी पत्रा बांधून, मग एकेक भोक मोठं केलं की रांग वाकडी जात नाही. कडेपासून भोकाचं अंतर रिव्हेटच्या व्यासाच्या किमान दुप्पट ठेवावं. २५ मिमीच्या एकाच नळीवर दोन पत्रे समोरासमोर भिडत असतील तर प्रत्येकाला १२.५ मिमीच मिळतात आणि त्यातही नळीची गोलाई काही खाते. तिथे ३.२चा रिव्हेट घ्यावा किंवा एक पत्रा दुसऱ्यावर चढवावा.

लांब कडेच्या मधल्या भोकापासून सुरुवात करावी आणि दोन्हीकडे बाहेर सरकावं: एक भोक, एक क्लेको, मग पुढचं भोक. दोन्ही टोकं आधी बांधली तर उरलेला फुगवटा मध्ये अडकतो आणि पत्रा दाबला की टणकन आत-बाहेर होतो. उन्हात तापलेल्या पत्र्याला सावलीतल्या सांगाड्यावर भोकं पाडू नयेत. ॲल्युमिनियम एका मीटरला दर अंशामागे सुमारे ०.०२३ मिमी वाढतं, म्हणजे पत्रा ३० अंशांनी जास्त तापलेला असेल तर जवळजवळ ०.७ मिमी. ३.३च्या भोकात ३.२च्या रिव्हेटला मोकळीक आहे ०.१ची.

किती घ्यावेत? २.४ मीटर परिघाच्या पत्र्याला ७५ मिमी अंतराने ३२ भोकं येतात. दर तिसऱ्या भोकात एक धरला तर ११ लागतात. कोपऱ्यावर भिडणारे दोन-तीन पत्रे एकदम चढवावे लागतात, म्हणून १/८चे ४०, ३/१६चे २० आणि भोकाशिवाय कड धरणारे ६ क्लॅम्प-क्लेको एवढ्यात बहुतेक गाड्या पार पडतात. नळी बारीक असेल तर आधी आतली खोली बघावी. दाबल्यावर पाती आणखी पुढे येतात आणि समोरच्या भिंतीला टेकली तर आकडे फाकतच नाहीत. पाती तुटलेला क्लेको लगेच फेकावा, तो दाबताना उडतो, आणि चष्मा तर हवाच.

शेवटच्या खेपेला, पॉलियुरेथेन सीलंट लावल्यावर, मोकळ्या भोकांत आधी रिव्हेट मारावेत, मग एकेक क्लेको काढून तिथे. सीलंट जमेपर्यंत क्लेको तसेच ठेवले तर पाती आत चिकटतात आणि काढताना पत्र्याची कड उचलली जाते. या कामासाठी जुने दहा-बारा वेगळे ठेवावेत आणि निघाल्याबरोबर थिनरने पुसावेत. विंगनटचे आटे आधी पुसायचे, कारण त्यात भरलेला सीलंट एकदा सुकला की नट परत फिरत नाही.