छोट्या सॉफ्टवेअर टीमसाठी व्हर्जन कंट्रोल: कोणतं घ्यावं, कुठे ठेवावं

दोन ते दहा जणांच्या टीमसाठी माहितीपत्रक

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या ऑफिसात ग्राहक येतात ते बहुतेक एकच प्रश्न घेऊन: "आम्ही पाच जण आहोत, गिट घ्यावं की सबव्हर्जन?" ही दोन्ही व्हर्जन कंट्रोलची, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल कुणी, कधी केला याची नोंद ठेवणारी सॉफ्टवेअर. दहापैकी नऊ जणांना आम्ही गिट सांगतो. ते का, आणि दहाव्याला का सांगत नाही, हे इथे सविस्तर लिहिलं आहे.

आधी एक उदाहरण. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे नवे दर लागू झाले. आमचे एक ग्राहक दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतात, टीम चौघांची. त्या वेळी त्यांचं स्टॉक रिपोर्टचं काम अर्ध्यावर होतं आणि कोड नीट चालतही नव्हता. दुकानांत मात्र आधीची आवृत्ती सुरू होती. दर बदलायचे होते त्या आवृत्तीत, आणि अर्धवट रिपोर्ट चुकूनही दुकानात जाता कामा नये. दुकानांना आवृत्ती देताना दर वेळी टॅग, म्हणजे त्या आवृत्तीला नावाची खूण, लावायची सवय त्यांनी ठेवली होती. शेवटच्या टॅगवरून एक ब्रँच, म्हणजे कामाची वेगळी फांदी, काढली, दरांचा भाग सुधारला, तपासला, दुकानांना पाठवला आणि तोच बदल चालू कामात मर्ज केला, म्हणजे मिसळला. संध्याकाळी चौघं वेळेवर घरी गेले. (दर कोडमध्ये न लिहिता तारखेसकट टेबलात ठेवावेत, हेही सांगून ठेवतो. जुन्या बिलाचा माल परत आला की जुना दर लागतोच.) पेनड्राइव्हवरून फोल्डर फिरवणाऱ्या टीमला हेच काम करायला रात्र जागावी लागते, आणि तरी कुणाची तरी दुरुस्ती पुसली जाते.

हे काम सबव्हर्जनमध्येही होतं. मग गिटच का?

सबव्हर्जनमध्ये सगळा इतिहास एका सर्व्हरवर राहतो आणि तुमच्या लॅपटॉपवर फक्त घेतलेली आवृत्ती असते. गिटमध्ये क्लोन केलं, म्हणजे आपल्या मशीनवर प्रत उतरवली, की सुरुवातीपासूनचा पूर्ण इतिहास प्रत्येकाकडे येतो. हा फरक आम्ही स्वतः भोगला आहे. ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं. धोक्याची पातळी २५ फूट, नदी ३५ फुटांच्याही वर गेली होती. तेव्हा आमचं ऑफिस अकोट्यात तळमजल्यावर होतं, सबव्हर्जनचा सर्व्हर टेबलाखाली आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात. दोन्ही गेलं. लॅपटॉप घरी होते म्हणून चालू कोड वाचला, पण सहा वर्षांचा इतिहास गेला: कोणती ओळ कुणी, कधी, कशासाठी बदलली, आणि कोणत्या ग्राहकाकडे नेमकी कोणती आवृत्ती चालते. ते जुळवायला आम्हाला पुढचे चार महिने लागले. गिट असतं तर कोणत्याही एका लॅपटॉपवरून सगळं परत उभं राहिलं असतं.

गिटचा जन्मही अडचणीतूनच झाला. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणारी मंडळी बिटकीपर नावाचं व्हर्जन कंट्रोल वापरत. त्याचा मोफत परवाना २००५ मध्ये गेला आणि लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांनी एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं. त्याच महिन्यात मर्क्युरिअल हे तसंच दुसरं सॉफ्टवेअरही आलं. शिकायला ते सोपं आहे आणि आमच्या मनात त्याला अजून जागा आहे, पण कोड ठेवायची सेवा देणाऱ्या बिटबकेटने २०२० मध्ये त्याची सोय बंद केली. आज नवा मुलगा कामाला घेतलात तर तो गिट शिकूनच येईल. छोट्या टीमला हे फार मोलाचं आहे.

आता दहावा ग्राहक. ज्यांच्याकडे कोडपेक्षा ड्रॉइंग, फोटोशॉपच्या फायली, मोठी मॉडेल्स जास्त, त्यांनी सबव्हर्जनच ठेवावं. अशा फायली मर्ज होत नाहीत. दोघांनी एकाच वेळी बदलल्या तर एकाचं काम वाया जातं. सबव्हर्जनमध्ये फाइलला लॉक लावता येतं आणि लॉक घेईपर्यंत ती फक्त वाचता येईल अशी सोय करता येते. शिवाय एखाद्याला एकाच फोल्डरची परवानगी देता येते. गिटमध्ये सहसा रेपो (कोड आणि त्याचा इतिहास यांचं कोठार) दिला की तो सगळाच दिला. मोठ्या फायली वेगळ्या ठेवण्यासाठी गिटला एलएफएस ही जोडणी जोडता येते, पण त्याची देखभाल करणारं कुणीतरी टीममध्ये हवं.

रेपो कुठे ठेवायचा? गिटहब या ऑनलाइन सेवेवर खाजगी रेपो मोफत मिळतात आणि एप्रिल २०२० पासून त्यात माणसांची मर्यादाही नाही. १०० एमबीपेक्षा मोठी फाइल मात्र तिथे चढत नाही. कोड बाहेर ठेवायचा नाही अशी करारात अट असेल, तर आम्ही तुमच्याच ऑफिसात गिटी हे गिटचा सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर बसवून देतो. साध्या मशीनवरही ते सुरळीत चालतं. दोन्हीकडे रोज रात्री दुसऱ्या जागी मिरर (हुबेहूब) प्रत गेलीच पाहिजे, आणि ही दुसरी जागा दुसऱ्या इमारतीत असावी, याबाबत आम्ही हट्ट धरतो. लॅपटॉपवर क्लोन असले तरी तक्रारींच्या नोंदी आणि रिव्ह्यूमधली (एकमेकांचा कोड तपासतानाची) चर्चा क्लोनमध्ये येत नाही, ती सर्व्हरवरच राहते.

पासवर्ड कोडमध्ये लिहून कमिट केलात, म्हणजे तो बदल इतिहासात नोंदवलात, तर पुढच्या कमिटमध्ये खोडून उपयोग नाही, इतिहासात तो तसाच राहतो. आधी पासवर्ड बदला, मग इतिहास साफ करायचं बघू.

कमिटचा मेसेज मराठीत लिहिलात तरी चालतो, आम्हीही लिहितो. फायलींची नावं देवनागरीत असतील तर गिट ती आकड्यांच्या विचित्र रांगेसारखी दाखवतं. घाबरू नका, फाइल बिघडलेली नसते. कोअर डॉट कोटपाथ हे सेटिंग फॉल्स केलं की नावं नीट दिसतात. सेटअप करताना आम्ही ते सगळ्यांच्या मशीनवर करून देतो.

आमच्याकडे येताना कोडचा सगळ्यात नवा फोल्डर आणा, आणि तारखा घातलेले जुने फोल्डर असतील तर तेही. ते क्रमाने कमिट करून जमेल तेवढा इतिहास आम्ही उभा करून देतो. सबव्हर्जनमधून येत असाल तर पूर्ण इतिहास नावं-तारखांसह गिटमध्ये आणता येतो. त्यासाठी टीममधल्या प्रत्येकाचं जुनं युजरनेम आणि आताचा ईमेल एका कागदावर लिहून आणा. कामाची घडी बसेपर्यंत पहिले दोन आठवडे आमचा एक माणूस रोज तासभर तुमच्याकडे येऊन बसतो. मराठी, गुजराती, ज्या भाषेत सोयीचं वाटेल त्या भाषेत त्याला विचारा.