बालीला जाताना: ‘ईसीआर’ची नोंद, व्हिसा आणि सहा महिन्यांचा हिशेब

इंडोनेशियातील बाली बेटासाठी भारतीयांना ३० दिवसांचा व्हिसा तेथील विमानतळावर उतरल्यावरही मिळतो आणि त्याचे शुल्क ५,००,००० रुपिया (इंडोनेशियाचे चलन) आहे, एवढे ऐकून जळगाव-धुळ्याकडचे अनेक जण तिकिटे काढून मोकळे होतात. पासपोर्टच्या आत ‘ईसीआर’ (‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’, म्हणजे ठरावीक देशांत नोकरीसाठी जाण्याआधी उत्प्रवासनाची सरकारी मंजुरी आवश्यक) अशी नोंद आहे का, हे मात्र त्याआधी पाहावे.

जी प्रौढ व्यक्ती दहावी उत्तीर्ण नाही, तिच्या पासपोर्टवर सहसा ही नोंद येते. ही नोंद टाळण्यासाठी दहावीचे प्रमाणपत्र नसेल तर प्राप्तिकर भरल्याचा पुरावा चालतो. परंतु शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकरच नसल्याने रावेर-यावलच्या केळी बागायतदाराने तो कोठून आणावा, याचे उत्तर नियम करणाऱ्यांनी दिलेले नाही. नववीचा शाळा सोडल्याचा दाखला येथे उपयोगी पडत नाही. पन्नाशी ओलांडलेल्यांना वयावरच सूट आहे, पण जुन्या पासपोर्टवरील नोंद वाढदिवसाला आपोआप पुसली जात नाही. त्यासाठी पासपोर्ट नव्याने काढून घ्यावा लागतो.

इंडोनेशिया हा ईसीआर यादीतील १८ देशांपैकी एक आहे. नोकरीसाठी नव्हे तर पर्यटनासाठी जाणाऱ्याला उत्प्रवासनाची वेगळी मंजुरी लागत नाही, मात्र त्याने वैध व्हिसा आणि परतीचे तिकीट दाखवावे, अशी अपेक्षा असते. व्हिसा बालीत उतरल्यावर घ्यायचा म्हटल्यास मुंबईच्या इमिग्रेशन काउंटरवर दाखवणार काय? एजंट ‘काही होत नाही’ म्हणत असला, तरी अशा प्रवाशांनी इंडोनेशियाच्या इमिग्रेशन खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून ई-व्हिसा आधीच काढावा. त्यासाठी पासपोर्टची प्रत, फोटो, परतीचे तिकीट आणि ऑनलाइन पैसे भरण्याची सोय लागते. मुलांचाही अर्ज स्वतंत्र असतो.

मुदतीचा घोळ याहून अधिक होतो. पासपोर्टची मुदत बालीत उतरण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक हवी. तिकीट काढल्याच्या दिवसापासून मोजलेले सहा महिने कामाचे नाहीत. मुदत अपुरी असेल तर पासपोर्ट आधी आणि व्हिसा नंतर, हा क्रम सोडू नये, कारण व्हिसा पासपोर्टच्या क्रमांकाशी जोडलेला असतो. ई-व्हिसा मिळाल्यापासून ९० दिवसांत बेटावर पोहोचावे लागते, त्यामुळे तो फार आधी काढून ठेवण्यातही अर्थ नाही. मुक्कामाच्या ३० दिवसांत उतरण्याचा दिवस पहिला धरला जातो, मग विमान रात्री साडेअकराला का उतरेना. त्यापुढील प्रत्येक दिवसाला १०,००,००० रुपिया दंड आहे.

व्हिसाव्यतिरिक्त १४ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक परदेशी पर्यटकाकडून १,५०,००० रुपियांचा पर्यटन कर घेतला जातो. तो ऑनलाइन भरून पावती मोबाइलमध्ये ठेवावी. गुढीपाडव्याच्या सुमारास जाणाऱ्यांनी तिकिटाची तारीख पुन्हा तपासावी, कारण त्याच दिवसांत येणाऱ्या न्येपी या सणाला बालीचा विमानतळ चोवीस तास पूर्ण बंद असतो आणि पर्यटकांनाही हॉटेलबाहेर पडता येत नाही.