ऑलिव्हर, मायकेल
(३ फेब्रुवारी १९४५ – २ मार्च २०१९). ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ. ब्रिटनमधील अपंगत्व-अभ्यासाचे पहिले प्राध्यापक (ग्रिनिच विद्यापीठ). जन्म केंट परगण्यातील चॅटम येथे. १९६२ मध्ये सुट्टीवर असताना पोहण्याच्या तलावात सूर मारला आणि मान मोडली. पुढचे सारे आयुष्य व्हीलचेअरवर गेले. स्टोक मँडव्हिल रुग्णालयात उपचार झाले. पुढे केंट विद्यापीठातून समाजशास्त्राची पदवी व डॉक्टरेट मिळवली.

व्यंग शरीरात असते, अपंगत्व समाज लादतो, ही मांडणी मुळात पॉल हंट, व्हिक फिंकलस्टीन प्रभृती अपंग कार्यकर्त्यांची (१९७६). ऑलिव्हर यांनी तिला ‘सामाजिक प्रारूप’ हे नाव दिले आणि १९८३ मधील आपल्या पुस्तकातून ती समाजकार्याच्या वर्गात नेली. पायऱ्या चढता येत नाहीत, यात अडचण पायांची की पायऱ्यांची, असा हा सरळ प्रश्न होता.

त्यांची हातोटी दिसते ती सरकारी सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीवरील टीकेत. वस्तू धरायला, फिरवायला त्रास होतो तो कोणत्या दुखण्यामुळे, असे सरकार विचारी. ऑलिव्हर यांनी तोच प्रश्न उलटा लिहिला : बरण्या, बाटल्या, डबे यांच्या घडणीत असा कोणता दोष आहे, की ते हाताळताना तुम्हाला त्रास व्हावा? प्रश्नावली घेऊन घरी आलेला सरकारी पाहणीदार तासभर ‘तुमच्यात काय बिघडले आहे’ हेच विचारत राहिला, तर उत्तर देणाऱ्यालाही ते खरे वाटू लागते, हा त्यांचा मुख्य आक्षेप.

अपंगांच्या नावाने, पण अपंगांविना चालणाऱ्या धर्मादाय संस्थांवर ते कठोर टीका करत. ज्या चळवळीत ते होते तिच्या रेट्याने १९९५ चा भेदभावविरोधी कायदा आला. अंमलबजावणीसाठी आयोगच नसल्याने तो तोकडा ठरला. १९९६ च्या कायद्याने मदतनीस स्वतः नेमण्यासाठी अपंग व्यक्तीच्या हाती थेट पैसे देण्याची वाट उघडली. रोजच्या जगण्यात बहुधा हाच बदल मोठा.

वेदना, थकवा यांना या प्रारूपात जागा नाही, असे जेनी मॉरिस, लिझ क्रो यांसारख्या अपंग स्त्रियांनीच दाखवून दिले. हा आक्षेप वजनदार आहे. प्रारूप म्हणजे अवघा सिद्धांत नव्हे, कामाचे हत्यार आहे, हे ऑलिव्हर यांचे उत्तर.

भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील व्याख्येत व्यंगासोबत ‘अडथळ्यां’चाही उल्लेख आहे, तो याच विचारपरंपरेतला. ‘दिव्यांग’ हा शब्द मात्र लक्ष पुन्हा अंगाकडेच वळवतो.