पेलेट ग्रिल (कोकण किनाऱ्यावरील वापर व निगा)

पेलेट ग्रिल : लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्या जाळून, ठरवलेल्या तापमानावर अन्न भाजण्याचे व त्याला धुरी देण्याचे विजेवर चालणारे उपकरण. या कांड्यांना पेलेट म्हणतात. त्यांची जाडी साधारण ६ मिमी. असते. भुसा दाबताना तापतो, लाकडातले लिग्निन हे नैसर्गिक द्रव्य मऊ होते आणि तेच कण धरून ठेवते. वेगळा डिंक घालावा लागत नाही. पण याच कारणाने पेलेट पाण्याला टिकत नाही. ओल लागली की फुगते आणि पुन्हा भुसा होते. त्यामुळे कोकण किनाऱ्यावर या ग्रिलची निगा म्हणजे आधी पेलेट कोरडी राखणे आणि मग बाकीचे.

अमेरिकेतील ओरेगन राज्यात माउंट एंजल या गावच्या जो ट्रेगर यांनी हे उपकरण घडवले; त्याचे पेटंट १९८६ सालचे आहे. घर ऊबदार ठेवणाऱ्या पेलेटच्या शेगड्या त्याआधीच तिकडे वापरात होत्या.

रचना सोपी आहे. बाजूच्या पेटीत (हॉपर) पेलेट भरतात. पेटीच्या तळाशी मळसूत्री दांडा (ऑगर) फिरतो आणि पेलेट थोडी थोडी पुढे ढकलून जाळाच्या वाटीत टाकतो. वाटीत विजेने लाल होणारी कांडी असते; ती काही मिनिटांत पेलेट पेटवते आणि नंतर बंद होते. पुढे पंखा हवा पुरवतो, आणि नियंत्रक आतले तापमान पाहून दांडा कमीजास्त फिरवतो. जाळावर तिरका पत्रा असतो. अन्नाची चरबी त्यावरून ओघळून डब्यात जाते.

नवे ग्रिल अन्न न ठेवता तासभर चढ्या आचेवर चालवतात, म्हणजे कारखान्यातले तेल व रंगाचा वास जळून जातो. रोज पेटवताना आधी जाळाची वाटी पाहावी. ती राखेने भरलेली असेल तर कांडी राखेतच तापत राहते आणि पेलेट पेटत नाही. सुरुवातीचा दाट पांढरा धूर म्हणजे आग अजून धरलेली नाही. धूर विरळ, निळसर झाला की अन्न ठेवावे. त्याआधी ठेवलेला मासा कडवट होतो. पेटवताना झाकण उघडे ठेवायचे की बंद, हे बनावटीप्रमाणे बदलते, म्हणून त्या ग्रिलची पुस्तिकाच प्रमाण मानावी.

मध्येच जाळ विझला तर लगेच पुन्हा बटण दाबणे धोक्याचे आहे. तोवर वाटीत पेलेटचा ढीग साठलेला असतो. तो एकदम भडकतो, साठलेला धूर पेट घेऊन झाकणही उडू शकते. वीज काढावी, ग्रिल थंड होऊ द्यावे, वाटी रिकामी करावी, आणि मगच नव्याने पेटवावे. बंद करतानाही पिन ओढू नये. बंद करण्याच्या क्रमात पंखा आणखी काही वेळ फिरतो आणि वाटीतली उरलेली पेलेट जाळून टाकतो. तो अर्ध्यावर थांबला तर आग दांड्याच्या नळीतून मागे पेटीकडे सरकू शकते. पावसाळी वाऱ्यात वीज वारंवार जाणाऱ्या गावांत म्हणूनच हे ग्रिल इन्व्हर्टरवर घेणे शहाणपणाचे. मात्र पेटवणारी कांडी सुरुवातीला काहीशे वॅट ओढते, हे इन्व्हर्टर निवडताना ध्यानात ठेवावे. अमेरिकेतून आणलेले १२० व्होल्टचे ग्रिल आपल्या २३० व्होल्टला थेट जोडले तर जळते.

कोरड्या जळणाचे मोल कोकणातल्या घराला नवीन नाही. आगोटीच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या) आधी फाटी (जळाऊ लाकडे) फोडून, सोडणे (नारळाची सालटे), करवंट्या, चुडते (माडाच्या वाळक्या झावळ्या) पडवीत किंवा मांगरात (घराबाहेरच्या खोपीत) रचून ठेवणे हे वर्षाचे कामच असते. चुलीत दमट फाटे गेले तर डोळे चुरचुरतात, पण फुंकणीने जाळ धरता येतो. पेलेट ग्रिलला फुंकणी नाही. दमट पेलेट मळसूत्रात फुगते, वाळल्यावर सिमेंटसारखी घट्ट होते आणि दांडा जागीच अडकतो. चांगली पेलेट बोटांनी मोडली की ‘कट्’ आवाज येतो आणि तिची पाठ चकचकीत असते; बिघडलेली मऊपणे चुरते. वापर झाला की पेटी रिकामी करून पेलेट घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून उंच फळीवर ठेवावीत, आणि भरताना चाळून तळाचा भुसा काढावा.

जळण कोणते, यावर येथे तडजोड नको. बाजारात मिळणारी बॉयलरची पेलेट अन्नासाठी नसतात. त्यांत प्लायवुडचा किंवा रंगीत लाकडाचा भुसा असू शकतो. काजूची टरफले चुकूनही घालू नयेत. त्यांतल्या तेलाने हातावर फोड येतात आणि त्यांचा धूर डोळ्यांना व घशाला झोंबतो. करवंटीचे तुकडे चुलीला उत्तम, पण मळसूत्र ते पेलू शकत नाही.

दुसरा शत्रू मीठ. दुपारचे खारे वारे मिठाचा सूक्ष्म थर पत्र्यावर बसवतात आणि गंज तिथूनच सुरू होतो. ‘स्टेनलेस’ या शब्दावर विसंबू नये: ३०४ प्रतीच्या पोलादावरही किनाऱ्यालगत तांबूस ठिपके येतात, मॉलिब्डेनम असलेली ३१६ प्रत अधिक टिकते. गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने बाहेरून पुसणे, लगेच कोरडे करणे आणि बिडाच्या जाळीला तेलाचा हात देणे, हा उपाय साधा आणि खात्रीचा. प्लास्टिकचे आच्छादन आत ओल कोंडते, म्हणून उन्हे पडली की ते काढावे.

राख दमट हवेत पाणी ओढून क्षारयुक्त चिखल होते आणि पत्रा खाते. ग्रिल पूर्ण गार झाल्यावरच ती काढावी, कारण राखेखाली निखारा तासन्‌तास जिवंत राहतो. चरबी न लागलेली राख माडाच्या आळ्यात टाकता येते. बांगड्यासारखा तेलकट मासा भाजल्यावर मात्र तिरका पत्रा व चरबीचा डबा त्याच दिवशी साफ करावा. साठलेली चरबी पेटली तर पाणी न टाकता झाकण लावून ग्रिल बंद करावे. खळ्यातल्या (अंगणातल्या) झावळ्यांच्या माटवाखाली (मांडवाखाली) किंवा बंद खोलीत हे ग्रिल कधीच पेटवू नये: पहिल्या ठिकाणी ठिणगी, दुसऱ्या ठिकाणी कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू.

महाराष्ट्रात यांत्रिकी मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. ग्रिल आवरण्यासही हाच काळ सोयीचा. पेटी व दांडा रिकामा होईपर्यंत चालवावा, राख काढावी, जाळीला तेल लावावे आणि ग्रिल घरात घ्यावे. महिनोन्‌महिने पडून राहिलेली पेटवणारी कांडी ओल शोषते आणि पुढे वीज लावताच गळती रोधक स्विच (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा) पडतो. अशा वेळी स्विच वगळून ग्रिल चालवू नये, कांडी तपासून घ्यावी. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्यांदा पेटवताना दांडा मोकळा फिरतो का ते पाहावे, नवी पेलेट मूठभरच भरावीत आणि पहिला जाळ रिकामाच घ्यावा.